थिनरच्या वाफेसाठी रबरी मास्क: धायरीच्या शेडमध्ये वापरून बघितलेला

हाफ-फेस रेस्पिरेटर असं त्याचं भारदस्त नाव. आमच्या शेडमध्ये त्याला 'डुक्करतोंड' म्हणतात आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय. राखाडी रबराचा, नाकापासून हनुवटीपर्यंत झाकणारा मास्क, दोन्ही गालांवर पाव आटा फिरवून बसवायच्या दोन चपट्या डब्या, मागे इलॅस्टिकचे पट्टे. डब्यांत खास प्रक्रिया केलेला कोळसा असतो, अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल. मास्क दीड हजाराच्या आसपास, डब्यांची जोडी सातशेच्या आसपास. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण नावाजलेले तीन-चार मास्क हाताळले आणि ते उन्नीस-बीसच निघाले. मला जे आवडलं आणि जे खटकलं, ते या जातीच्या सगळ्याच मास्कना लागू आहे.

पुण्यात धायरीला आमचं स्क्रीन प्रिंटिंग आहे, म्हणजे जाळीच्या चौकटीतून शाई ओढून केलेली छपाई. लग्नपत्रिकांचं काम आम्ही करत नाही. भोसरी-चाकणच्या कंपन्यांना लागणारे मशीनवरचे स्टिकर, कंट्रोल पॅनेलवर चिकटवायच्या पॉलिकार्बोनेटच्या छापील शीट, नेमप्लेट, हे आमचं काम. म्हणजे व्हायनल शाई आली आणि तिच्यामागोमाग थिनर, रिटार्डर (शाई लवकर वाळू न देणारं द्रव), स्क्रीन पुसायला एमईके (मिथाइल इथाइल कीटोन), अशी शाई विरघळवणारी सगळी सॉल्व्हंट आली. रंग बनवणं, जुळवणं माझ्याकडे. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, मारायला शंकरकाका आणि हाताखाली दोन मुलं. काका माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. आमच्याकडे सून म्हणून मी नंतर आले, ते आधी आले.

मास्क आणायला बोहरी आळीत गेले. तिथे सेफ्टीचं सामान विकणाऱ्याने आधी काउंटरवर एन-९५ टाकला. "मॅडम, सगळे पेंटर हाच नेतात." नेत असतील. एन-९५ धूळ अडवतो, स्प्रेचे बारीक थेंब अडवतो. थिनरची वाफ त्यातून सरळ आरपार जाते. कोविडनंतर घराघरात एन-९५ पडून आहेत, त्यामुळे हा गैरसमज आणखी पक्का झालाय. मग त्याने आत काळा थर असलेला कापडी मास्क काढला, "यात कार्बन आहे." त्यात कार्बन आहे तो वासाचा त्रास कमी वाटावा एवढाच. मी 'ऑरगॅनिक व्हेपरची कार्ट्रिज', म्हणजे सॉल्व्हंटच्या वाफेसाठीची डबी, असं स्पष्ट म्हटल्यावर शिडी लागली, वरच्या फळीवरून खोका आला, खोक्यावर धूळ. तुम्ही गेलात तर कार्ट्रिजच्या पाकिटावरची एक्स्पायरी वाचूनच पैसे द्या. मला पहिल्यांदा दिलेली जोडी संपत आलेली होती. मागितल्यावर दुसरी मिळाली, पण मागितल्यावर. ओळखायची खूण म्हणजे पट्टीचा रंग: अमेरिकन पद्धतीच्या डबीवर काळी पट्टी, युरोपियन पद्धतीच्या डबीवर तपकिरी.

साइझ हा दुसरा घोळ. "मीडियम सगळ्यांना चालतो" हे वाक्य पुरुषांपुरतं खरं आहे. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंनी फट राहत होती. स्मॉल मागवून घ्यावा लागला.

आता हा खर्च का केला ते सांगते. 'वास सहन होत नाही म्हणून' असं सगळ्यांना वाटतं. वासाची सवय होते, खरी गोम तिथेच आहे. शेडमध्ये शिरल्यावर पाच-दहा मिनिटं जाणवतो, मग नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. वाफ असते तेवढीच असते. बाहेरून कुरियरवाला आला की दारातच थांबून नाक मुरडायचा आणि आम्ही आत निवांत चहा घेत असायचो.

कारण होतं रंग. मी एका लग्नासाठी गावाला गेले होते तेव्हा काकांनी एका पॅनेलच्या रंगांच्या छटा जुळवल्या. राखाडी पार्श्वभूमी, त्यावर फिक्या निळ्या पट्ट्या. गिऱ्हाइकाने माल परत पाठवला: पट्ट्या दिसतच नाहीत. मी बघितलं तर निळ्यातला निळेपणा जवळपास गेलेला, राखाडीच्या शेजारी राखाडी. काकांना मात्र दोन्ही बरोबर वाटत होते. एवढा अनुभवी माणूस, ज्याने मला लाल रंगात किती थेंब काळा टाकला की तो विटेसारखा होतो ते शिकवलं, तो ट्यूबलाइटखाली दोन पट्ट्या धरून म्हणतोय, "वहिनी, फरक कुठाय यात?"

चष्म्याच्या डॉक्टरांनी ठिपक्यांच्या आकड्यांचं पुस्तक दाखवलं. काकांनी सगळे आकडे धडाधड वाचले. रंगदृष्टी उत्तम, असं लिहून मिळालं. पण ते पुस्तक, इशिहाराचं, लाल-हिरव्यातला गोंधळ पकडण्यासाठी आहे. सॉल्व्हंटमुळे रंगांची समज ढासळते तेव्हा साधारणपणे आधी निळा-पिवळा जातो, आणि तो या पुस्तकात सापडत नाही. एका मोठ्या हॉस्पिटलात दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी चाचणी घेतली: फिक्या, जेमतेम रंग असलेल्या टोप्या, एक टोपी पक्की, तिच्यापुढे बाकीच्या पंधरा रंगाच्या क्रमाने लावायच्या. लाँथोनीची डी-१५ म्हणतात तिला. काकांनी शांतपणे, अगदी स्क्रीनवर फिल्म लावतात तसं डोकं तिरकं करून टोप्या लावल्या. मी शेजारी उभी होते. मला दिसत होतं की दोन ठिकाणी निळसर टोपी पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसली आहे, आणि ते समाधानाने हात पुसत होते.

बाईंनी 'हे थिनरमुळेच' असं म्हटलं नाही, आणि त्यांचं बरोबर आहे. साठीकडे डोळ्याचं भिंग पिवळट होतं, त्यानेही निळा फिका पडतो. मोतीबिंदूही असू शकतो. पण पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो कामाचाच: कुठलं सॉल्व्हंट, किती वर्षं, खोली बंद की उघडी.

त्यानंतर मी वाचायला लागले. ही सगळी द्रवं चरबीत विरघळणारी, म्हणून तर शाई सोडवतात. फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ती सहज शिरतात, कारण मेंदू आणि नसांवरचं आवरण चरबीचंच. लगेच होणारा परिणाम दारूसारखा: डोकं हलकं, मग जड, थोडी चक्कर, बोलण्यात अडखळ. मोकळ्या हवेत गेलं की उतरतो. वर्षानुवर्षांचा परिणाम वेगळा आणि तो गुपचूप येतो. डेन्मार्क, स्वीडन, फिनलंड इथे १९७०च्या दशकात घरं रंगवणाऱ्या पेंटरांवर अभ्यास झाले. स्मरणशक्ती, लक्ष लागणं, चिडचिड, थकवा, झोप यांच्या तक्रारी, आणि त्या 'वय झालं' म्हणून सोडून दिलेल्या. तिकडे त्याला बोली नावच पडलं, पेंटर्स सिंड्रोम. १९८५ साली कोपनहेगनला जागतिक आरोग्य संघटनेने आणि त्याच वर्षी अमेरिकेत रॅले इथे तज्ज्ञांनी बसून त्याच्या पायऱ्या ठरवल्या. पहिल्या पायरीवर नुसत्या तक्रारी, काम सुटलं की माणूस सावरतो. मधल्या पायरीचे दोन भाग, एकात स्वभाव आणि मनःस्थिती बदलते, दुसऱ्यात चाचणीत दिसेल इतकी बुद्धीची कामं मंदावतात. शेवटच्या पायरीवर स्मृतिभ्रंश. पुढे त्या देशांत घराच्या आतल्या रंगकामात पाण्यावर आधारलेले रंग आले आणि नवीन रुग्ण कमी होत गेले.

मला त्यातलं 'स्वभाव बदलतो' हे जास्त लागलं. संध्याकाळी सातला घरी पोहोचल्यावर कुकरची शिट्टी मोजता मोजता मी कोणावर तरी खेकसायचीच. दिवाळीच्या सुट्टीत मात्र खेकसायची नाही. नवरा म्हणायचा, सुट्टी आहे म्हणून. असेलही.

हातपायांच्या नसांचं प्रकरण वेगळं आहे आणि ते नॉर्मल हेक्झेन या एका द्रवाशी मुख्यतः जोडलेलं आहे. चपला-बॅगांच्या चिकटवणीत, काही क्लीनर स्प्रेमध्ये ते असतं. चीनमध्ये सुझोऊला विनटेक नावाच्या, ॲपलला माल देणाऱ्या कारखान्यात २००९ साली टचस्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी हेक्झेन वापरलं, कारण ते लवकर वाळतं. कामगारांची बोटं बधिर झाली, पायांतली ताकद गेली, चालणं अवघड झालं. २०११ साली ॲपलने स्वतःच्या अहवालात १३७ कामगार बाधित झाल्याचं लिहिलं. लवकर वाळतं म्हणून द्रव बदलणं हे आमच्या धंद्यात रोजचं आहे, म्हणून ही गोष्ट वाचताना मला शेडच्या रॅकवरचे कॅन दिसायला लागले. शरीरात हेक्झेनपासून २,५-हेक्झेनडायोन नावाचं द्रव्य तयार होतं आणि ते नसेच्या आतल्या धाग्यांना एकमेकांत अडकवतं. सर्वांत लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून, मोजे घातल्यासारखा बधिरपणा. काम थांबवल्यावरही दोन-तीन महिने तो वाढतच जाऊ शकतो आणि मग हळूहळू उतरतो. आणि एमईके, जे आम्ही सर्रास वापरतो, ते एकटं असा त्रास देत नाही, पण हेक्झेनच्या जोडीला आलं की हेक्झेनचा मार वाढवतं. म्हणून आता पुरवठादाराकडून प्रत्येक कॅनची सेफ्टी डेटा शीट, म्हणजे आत काय आहे आणि धोका काय ते सांगणारा कागद, मागते. "आजवर कुणी मागितली नाही हो," म्हणत, कुरकुर करत देतो.

तर मास्क. बसवायची पद्धत सोपी आहे, पण ती करावी लागते. पट्टे ओढून झाले की दोन्ही डब्यांवर तळहात दाबायचे आणि हलका श्वास आत घ्यायचा. रबर चेहऱ्याकडे ओढलं जाऊन तिथेच थांबलं पाहिजे. सुस्स आवाज आला तर कुठेतरी फट आहे. नीट बसलेला हाफ-फेस मास्क आतली वाफ बाहेरच्या दहाव्या हिश्शापर्यंत आणतो असं धरतात. फट असेल तर तो हिशोब विसरा. मिशा चालतात, दाढी चालत नाही. आमच्या धाकट्या मुलाने सिनेमातल्या हिरोसारखी दाढी राखली होती. ती काढायला सांगितल्यावर तो मास्कवर रागावला, माझ्यावर नाही, एवढंच नशीब.

आवडलं ते असं. श्वास सोडायची झडप खाली आहे, त्यामुळे चष्म्यावर वाफ धरत नाही. पहिल्याच दिवशी स्क्रीन धुताना वास पूर्ण गायब, इतका की कॅनचं झाकण उघडं आहे का ते वाकून बघावं लागलं. संध्याकाळचं डोकं जड होणं माझ्यापुरतं बरंच कमी झालं. धुऊन पुसून रबर वर्षभर तरी टिकेल असं दिसतंय.

खटकलं तेही बरंच आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली हनुवटीशी घामाचं तळं साचतं. अंबाड्यात मागचा पट्टा अडकतो, त्यामुळे केस खाली बांधावे लागतात. बोलणं बाहेर नीट ऐकू जात नाही. फोन आला की मास्क खाली ओढायचा मोह होतो आणि नेमकं तेव्हाच आपण उघड्या कॅनजवळ असतो. चष्म्याची नाकावरची दांडी आणि रबराची कड एकाच जागेसाठी भांडतात.

खरा प्रश्न डब्यांचा. कोळसा भरला की भरला, त्यावर दिवा लागत नाही. वास यायला लागला की बदला असं म्हणतात, पण सवयीचं नाक काय सांगणार? म्हणून डबीवर मार्करने उघडल्याची तारीख लिहितो आणि दिवस ठरवून बदलतो. पावसाळ्यात लवकर, कारण दमट हवेत कोळशाची जागा पाणीच अडवतं. आणि धायरीतली जुलैची हवा काय असते ते तिथल्यांना विचारा. ॲसिटोनसारखी पटकन उडणारी द्रवं लवकर पार होतात. मिथेनॉल तर या डबीला जुमानतच नाही, आणि काही स्वस्त थिनरमध्ये ते असतं. मिथेनॉल थेट डोळ्याच्या नसेवर जातं, त्यामुळे असं थिनर कितीही स्वस्त मिळालं तरी मी परत पाठवते.

आणि ठेवायचा कुठे? काका काम झालं की मास्क खिळ्याला टांगायचे. खिळा कुठे, तर स्क्रीन धुवायच्या टबाच्या वर. म्हणजे रात्रभर डब्या वाफ पीत बसणार आणि सकाळी कोळसा निम्मा खलास. मी घरून चकलीचा घट्ट झाकणाचा डबा आणला, मास्क त्यात. काकांनी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "वहिनी, दिवाळीला चकल्या कशात?" नवा डबा घेतला, काय करणार.

मास्कचा बॉक्स उघडल्यावर आत जे लिहिलेलं नसतं ते म्हणजे त्याच्या आधी करायच्या गोष्टी, आणि त्या सगळ्या मास्कपेक्षा स्वस्त पडल्या. आमचा एक्झॉस्ट फॅन छताजवळ होता. कॅनच्या काठावरून सॉल्व्हंटची वाफ खाली घरंगळते, ती टेबलावरून माझ्या नाकासमोरून वर जाऊन मग बाहेर पडायची. फॅन टेबलाच्या उंचीवर, दाराच्या समोरच्या भिंतीत आणला. आता हवा पाठीमागून येते आणि टेबलावरून पुढे निघून जाते. डोक्यावरचा पंखा छपाईच्या वेळी बंद, तो वाफ सगळीकडे कालवतो. पुसलेल्या चिंध्या उघड्या टोपलीत पडायच्या, त्यांना झाकणाचा पत्र्याचा डबा. दिवसाच्या शेवटी थिनरने हात धुणं बंद, कारण कातडीतूनही ते आत जातं. आता गोडेतेल चोळायचं, पुसायचं, मग साबण. हातमोज्यांचं म्हणाल तर डॉक्टरांचे पांढरे लॅटेक्स फुगून लिबलिबीत होतात, निळे नायट्राइल एमईकेपुढे काही मिनिटंच तग धरतात, शिंतोडे उडाले की बदलायचे.

हवेत वाफ किती चालते त्या मर्यादेचं काय, असं एका ओळखीच्या छपाईवाल्याने विचारलं. कारखाने कायदा, १९४८च्या तक्त्यात टोल्युईनला (थिनरमधलं एक सॉल्व्हंट) आठ तासांच्या सरासरीला १०० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत शंभर, दिले होते. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या एसीजीआयएच या संस्थेने २००७ साली २० पीपीएम सुचवले, आणि त्यामागच्या कारणांत दृष्टीवरचा परिणाम आणि गर्भपाताचा धोका ही दोन आहेत. आमच्यासारख्या चार माणसांच्या शेडमध्ये मोजायला कोणी येत नाही, तेव्हा आकडा कुठलाही धरा, हिशोब आपणच ठेवायचा. लघवीतल्या हिप्युरिक ॲसिडची (शरीरात टोल्युईनचं तेच होतं) तपासणी करून घेणार असाल तर आदल्या दिवशी कोल्ड्रिंक, बाटलीतला सॉस, विकतचं लोणचं टाळा; त्यातल्या सोडियम बेन्झोएटमुळेही तो आकडा वाढतो. आणि शनिवारी कामावरून उठून सरळ 'बसणाऱ्यांनी' एवढं लक्षात ठेवावं की दारू पोटात असली की यकृत टोल्युईन बाहेर काढायचं काम लांबणीवर टाकतं.

काका मास्क घालतात का? स्क्रीन धुताना घालतात. छापताना कधी घालतात, कधी गळ्यात लोंबत असतो. रंग जुळवायला आता मी आणि मोठा मुलगा, आणि शेडकार्ड उन्हात नेऊन बघायचं असा नियम. काकांना ते आवडलेलं नाही.

पाचपैकी साडेतीन देईन. अर्धा गुण घामासाठी कापला आणि एक डब्या कधी संपल्या ते न सांगण्यासाठी. तीन-चार तास शाई-थिनरमध्ये असणाऱ्याने फॅन आणि झाकणं झाल्यावर घ्यावा. साइझ चेहऱ्यावर लावून बघूनच, आणि डब्यांच्या निदान दोन जोड्या एकदम. दुकानदार बरोबर धुळीचे पांढरे गोल पॅड चिकटवू बघेल, ते स्प्रे करणाऱ्यांना लागतात, स्क्वीजीवाल्यांना नाही.

गाड्या रंगवणाऱ्यांनी मात्र माझ्या भरवशावर हा मास्क घेऊ नये. टू-के पेंटच्या, म्हणजे दोन भाग मिसळून मारायच्या रंगाच्या, हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरही येत नाही, त्यामुळे डबी संपली ते कळायचा मार्गच नाही. तिथे बाहेरून नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. तो मी वापरलेला नाही आणि तो दीड हजारात येत नाही.